बरंय म्हणणारी हेमलता

मंडळी, बसा जरा सैल. दिवसभर राबून आलाय, दिसतंय मला. एकच विचारतो – दुखणं झाकलं, म्हणजे ते गेलं का हो? मान हलवू नका लगेच. आधी ऐका.

कराडात हेमलता खटावकर म्हणून बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेली. घरात नवरा मुकुंदराव, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, अक्का. अक्कांचं कूस बदलणं, भरवणं, पुसणं – सगळं हेमलताबाईंकडे. वर्षानुवर्षं. कुणी विचारलं तर एकच उत्तर – बरंय! आपल्याकडे बायकांना हा शब्द हुंड्यात देतात की काय, देव जाणे.

पण तोंड खोटं बोललं तरी चेहरा खोटं बोलेना. गाल बसलेले, डोळ्यांखाली खळगे. लग्नाकार्यात भेटेल तो म्हणायचा, किती थकलात हो! त्या शब्दाचाच त्यांना शीण यायला लागला.

अशात पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. त्याच हॉस्पिटलात चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाई यायच्या. सुईनं जेल भरून गाल वर आणायच्या. बाईंनी मनाशी म्हटलं, नाहीतरी भूल देणारच आहेत, त्यातच हेही उरकू. दुखणार नाही, वेगळी सुट्टी नको. आता सांगा – सुट्टी कुणाकडून, तर स्वतःच्या घराकडून!

भूल देणारे डॉक्टर इनामदार मात्र खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "बाई, जागा माणूस सुई टोचताना कळ आली तर लगेच सांगतो. झोपलेल्याला ते सांगता येत नाही. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. आम्ही लक्ष ठेवू. पण जाग आल्यावर गाल ठणकला, तर एक क्षण थांबू नका." बाईंनी मान डोलावली. दोन्ही कामं पार पडली.

संध्याकाळी गाल ठणकायला लागला. नर्स आली, कसं वाटतंय? बरंय. डॉक्टरीणबाईंनी फोनवरून विचारलं. बरंय. अहो, सवय! पोटाला टाके पडलेत, दुखायचंच, असं स्वतःला समजावत बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मग मुकुंदराव आले. अक्का कुणाच्या हातून जेवत नाहीत, घरी कधी सोडतील, असं विचारू लागले. मग बायकोकडे बघून खुशीत म्हणाले, "छान दिसतेस हं. थकवा कुठल्या कुठे गेला."

मंडळी, ते वाक्य बाईंना सुईपेक्षा खोल गेलं. आता तर चेहराही त्यांच्या बाजूनं बोलणार नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, दुखतंय. गाल फार दुखतोय. आणि मी थकलेय. आज नाही, कितीतरी वर्षं."

मुकुंदरावांनी दिव्याखाली नीट पाहिलं. गालावर पांढुरका, निळसर डाग उमटला होता. ते धावले. डॉक्टरीणबाई आल्या, जेल विरघळवणारी सुई पुन्हा पुन्हा दिली, आणि कातडीचा रंग परत येईपर्यंत जागेवरून हलल्या नाहीत. गाल वाचला. दुसऱ्या गालातलंही जेल काढून टाकलं. चेहरा होता तसा झाला.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मुकुंदराव पेजेची वाटी घेऊन अक्कांपाशी बसले. निम्मी पेज उशीवर! अक्का त्यांच्यावर करवादल्या. हेमलताबाई आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होत्या. उठावंसं वाटलं. पाय खालीही सोडले. मग पुन्हा वर घेतले, पांघरूण ओढलं आणि झोपल्या.

आता माझंही ऐका. मघापासून मागं भांडी विसळत उभ्या आहात त्या माउल्या – या, पुढं बसा. आणि बाप्यांनो, घरी गेल्यावर बायकोला कसं वाटतंय ते विचारा, पण खरं उत्तर येईपर्यंत थांबा. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी तो रागावायचा नाही. उचला टाळ.