शुक्रावर सव्वा वाजता

(बोलोन्यातली जुने सिनेमे धुऊनपुसून ठीक करणारी प्रयोगशाळा, सकाळचे अकरा, पडदे ओढलेली खोली. ‘शुक्रावरचे तीन आळशी’ हे पन्नास वर्षांपूर्वीचं अवकाश-विडंबन समोर थांबवून ठेवलं आहे. खुर्च्या तीन. दुइलियो मारांगोनी, दिग्दर्शक, वय एक्याऐंशी. त्यांना इथून आपली जुनीच कीर्ती सहीसलामत घरी न्यायची आहे. एर्सिलिया ताम्बुर्रीनी, वय चौऱ्याहत्तर, त्या सिनेमाची कंटिन्यूइटी सांभाळणारी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये काय दिसलं त्याची वहीत नोंद ठेवणारी. तिला मिळण्याजोगं एकच, श्रेयनामावलीतून खोडलेलं नाव, पडद्यावर चार सेकंद. लोरेदाना प्रयोगशाळेची, तिला जेवणाच्या आत फॉर्म भरून हवा आहे.)

एर्सिलिया: ...म्हणजे विनोद की चूक, एवढंच सांगायचं?

लोरेदाना: एवढंच, सिन्योरा. पैसे घालणाऱ्यांना सिनेमा चकचकीत हवाय. मी म्हटलं, मी एक रेघ पुसणार नाही. शेवटी तोडगा निघाला. मुद्दाम केलेलं राहील, चुकून झालेलं जाईल. आणि मुद्दाम की चुकून, ते तुमच्या वहीवरून ठरेल.

दुइलियो: वहीवरून! मी इथे धडधाकट बसलोय, आणि विचारायचं वहीला?

एर्सिलिया: वहीला मुलाखती द्यायच्या नसतात, माएस्त्रो. त्यामुळे तिच्या आठवणी वाढत नाहीत.

लोरेदाना: पहिलं. यानातला चंदेरी खांब. कप्तान ओरडतो तेव्हा हलतो.

दुइलियो: विनोद! अस्सल विनोद. त्या काळी शेजारच्या फ्लोअरवर सगळे ग्लॅडिएटरच असायचे. प्लास्टरची देवळं, तेल चोपडलेले पहिलवान. त्यांचेच खांब उचलले, चंदेरी रंग फासला आणि म्हटलं, हे घ्या अवकाशयान. खांब हलतो ती त्या सगळ्या सिनेमांची टिंगल आहे, बाई.

एर्सिलिया: रंग फासला तो विनोद. हलला तो अपघात. हे बघा, टेक तीन. ‘रंगारी एत्तोरे खांबाला टेकून पाव खात आहे.’

लोरेदाना: मग पुसू?

एर्सिलिया: थांबा, घाई नको. टेक चार पण आहे. त्यात खांब हलला नाही. दोन्ही बघून संकलकाने तीनच घेतला. म्हणजे सेटवर झाली ती चूक, टेबलावर झाला तो विनोद. ठेवा.

दुइलियो: मी तेच म्हणत होतो.

एर्सिलिया: तुम्ही त्या दिवशी एत्तोरेच्या अंगावर चप्पल फेकली होती. तेही लिहिलंय.

लोरेदाना: दुसरं. यानाचं सुकाणू. कॉफीच्या यंत्राचा दांडा आहे. हे उघडच मुद्दाम.

एर्सिलिया: मुद्दाम. फाटकासमोरच्या बारमधला. बारा वाजता परत नेऊन लावायचा, नाहीतर साऱ्या स्टुडिओची कॉफी बंद. म्हणून ते यान फक्त सकाळी उडायचं.

लोरेदाना: तिसरं. यानाच्या शेपटीवरचा आकडा. यावर एका प्राध्यापकाचा लेख आहे. म्हणतात, एका विसरलेल्या मूकपटातल्या रॉकेटला सलाम आहे.

दुइलियो: आहेच. मी त्यांना स्वतः सांगितलं.

एर्सिलिया: तो निर्मात्याच्या सासूचा टेलिफोन नंबर. एत्तोरेचं काम. सिनेमा लागल्यावर तीन महिने पोरं तिला फोन करून विचारायची, ‘शुक्र का? राजेसाहेब आहेत का घरी?’

लोरेदाना: मग सलाम कुणाला म्हणून लिहू?

एर्सिलिया: सासूला.

दुइलियो: लोक किती प्रेमानं लेख लिहितात, आणि तू टाचणी घेऊन बसलीयस.

एर्सिलिया: मी नाही आणली टाचणी. मला ट्रेनचं तिकीट धाडून बोलावलंय.

लोरेदाना: हे जरा अवघड आहे. शुक्रावर उतरतात तेव्हा लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. स्टुडिओबाहेरचं असणार. आवाजातून काढून टाकू?

एर्सिलिया: हात लावू नका. आमच्याकडे सेटवर आवाज कोण घेत होतं? कॅमेरा घरघरायचा, सुतार खिळे ठोकायचे, नट तर चक्क आकडे मोजायचे, एक दोन तीन चार. बोलणं सगळं मागाहून भरलेलं. म्हणजे ते कुत्रं आपणहून आत येऊच शकत नाही. कुणीतरी त्याला बोलावून आणून भुंकवलंय.

दुइलियो: मी! मीच भुंकलो होतो. ओसाड गावात परका माणूस आला की सिनेमात हटकून लांबवर कुत्रं भुंकायचं, घोड्यावरचा असो की आगगाडीतून उतरलेला. म्हटलं, शुक्रही गावच आहे.

एर्सिलिया: हे मात्र खरं. आणि छान भुंकलात. लिहा, विनोद, दिग्दर्शकाचा.

दुइलियो: बघितलंस? मी काही अगदीच बनवाबनवी करत नाही.

एर्सिलिया: मी कधी म्हटलं अगदीच?

लोरेदाना: मधली किरकोळ आहेत. आता यादीतलं चौदावं. हे तुम्हा दोघांना ठाऊक आहेच.

दुइलियो: आलं माझं घड्याळ! दिवा घालवा तो. बघा, बघा. शुक्राचा सम्राट शपथ घ्यायला डावा हात उंचावतो, बाही घसरते आणि हिरव्या मनगटावर घड्याळ! ग्रह जिंकायला निघालाय, आणि लक्ष जेवणाच्या वेळेकडे. रोमन सिनेमात एखाद्या कोपऱ्यातल्या शिपायाच्या हातात चुकून दिसायचं. मी ते उचललं आणि थेट सिंहासनावर नेऊन बसवलं. पॅरिसच्या समीक्षकानं सात पानं लिहिली. अजून जुलैत चौकात दाखवतात तेव्हा या जागी तीन हजार माणसं डावं मनगट वर करतात. तीन हजार!

एर्सिलिया: सात पानं मार्चमध्ये आली. जानेवारीत तुम्ही वेगळं म्हणाला होतात.

लोरेदाना: जानेवारीत काय झालं?

एर्सिलिया: तुमच्याकडे पत्र आहे ना? वाचा.

लोरेदाना: निर्मात्याचं आहे. ‘कंटिन्यूइटी सांभाळणाऱ्या मुलीच्या घोर हलगर्जीपणामुळे तिचे नाव सर्व प्रतींतून वगळावे.’ हे खोटं ठरल्याशिवाय मला नाव परत घालता येत नाही, सिन्योरा.

एर्सिलिया: पहिली प्रिंट बघत होतो. खोलीत एकवीस माणसं. घड्याळ दिसलं तसा निर्माता उठला. म्हणाला, हे कुणाच्या नजरेतून सुटलं? माएस्त्रोंनी बोट केलं.

दुइलियो: तो विचारत होता. बोट आपोआप उचललं गेलं.

एर्सिलिया: आपोआप. पण बरोबर माझ्याच दिशेनं.

लोरेदाना: मग पुढे?

एर्सिलिया: पुढे काय. तो शॉट परत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून घड्याळ राहिलं, मी गेले. जिला घड्याळ दिसलं नाही अशी कंटिन्यूइटी म्हणजे नाक गेलेली आचारीण. कोण ठेवणार? अकरा वर्षं तेर्नीत मुलींना टायपिंग शिकवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्याच वाचनालयात कळलं, की ते घड्याळ म्हणजे प्रतिभा होती. प्रतिभा माएस्त्रोंची, हलगर्जीपणा माझा, आणि घड्याळ एकच.

दुइलियो: एर्सिलिया, हे बघ. आज सगळं जुळून आलंय. ‘विनोद’ म्हण. विनोद म्हटला की हलगर्जीपणा उरतोच कुठे? तुझं नाव पडद्यावर, घड्याळ मनगटावर. दोघांचंही भलं. फक्त एवढंच सांग, की मी आदल्या दिवशी तुझ्या कानावर घातलं होतं.

एर्सिलिया: आणि मी ते वहीत लिहायचं विसरले.

दुइलियो: माणूस विसरतो. एक ओळ.

एर्सिलिया: म्हणजे एक डाग काढायला त्याच जागी दुसरा लावायचा. आणि हा मी स्वतःच्या हातानं.

लोरेदाना: सिन्योरा, वहीत काय आहे ते वाचता का?

एर्सिलिया: वाचते. आधी ते चित्र मोठं करा. तुमचं यंत्र म्हणे फार बारीक बघतं.

लोरेदाना: बघतं ना. पूर्वी नुसती चकाकी दिसायची. आता काटे दिसतात. सव्वा वाजलाय.

एर्सिलिया: जेवण एकला सुटायचं. सम्राट, म्हणजे आमचा नेल्लो, पूर्वी कुस्त्या खेळायचा. एकच्या ठोक्याला तो मुकुटासकट खानावळीत असायचा. एकदासुद्धा चुकला नाही.

लोरेदाना: मग सव्वा वाजता हा हात...

एर्सिलिया: करंगळी बघा.

लोरेदाना: वाकडी आहे. पुढच्या पेरात. इतर दृश्यांत नेल्लोची सरळ आहे, मी आठवडाभर हेच बघतेय. माएस्त्रो?

दुइलियो: काय?

लोरेदाना: तुम्ही टेबलावरचा हात खाली का घेतलात?

दुइलियो: ...सायकलवरून पडलो होतो. नऊ वर्षांचा असताना.

एर्सिलिया: आता वाचते. ‘शॉट एकशे बारा. सम्राटाचा हात, जवळून. नेल्लो जेवायला. बाही दिग्दर्शकांनी स्वतःच्या हातावर चढवली. घड्याळ काढलेलं नाही. सांगितलं. म्हणाले, कोण बघणार आहे. टेक एक. पसंत.’

लोरेदाना: हे तुमच्यापाशी पन्नास वर्षं होतं? तेव्हाच का नाही दाखवलंत?

एर्सिलिया: दाखवलं की. निर्माता म्हणाला, लिहिणारी तूच आणि साक्षीदारही तूच? मग त्यानं माएस्त्रोंना विचारलं. माएस्त्रो छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुइलियो: माझ्या पुढच्या सिनेमाचे पैसे त्याच्या खिशात होते. घरी बायकोला आठवा महिना. मला वाटलं, तू हुशार आहेस, तुला कुठेही काम मिळेल.

एर्सिलिया: हुशार होते म्हणून किंमत मी भरायची. बरोबर आहे. ज्याच्याकडे असतं त्याच्याकडूनच वसूल करतात.

दुइलियो: नंतर सांगणार होतो. मग ती सात पानं आली. मग बक्षीस. प्रत्येक वेळी सांगणं जरा जास्त अवघड झालं.

लोरेदाना: मग ठरलं. पत्र खोटं ठरलं, सिन्योरा, तुमचं नाव परत येईल. पण विनोद नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे चूक. घड्याळ पुसावं लागेल. साठ फ्रेम आहेत, दोन दिवसांचं काम.

दुइलियो: पुसणार? मग त्या सिनेमात राहिलं काय? एक कुत्रं आणि एक सासू!

एर्सिलिया: पुसायचं नाही.

दुइलियो: काय म्हणालीस?

एर्सिलिया: म्हटलं, पुसायचं नाही. माएस्त्रो, तुमच्यापेक्षा मला ते जास्त हवंय. मनगट रिकामं झालं की माझ्या वहीत उरलं काय? म्हातारी म्हणते, इथे घड्याळ होतं. कुठे आहे, आजी? मला दिसलं होतं हे सिद्ध व्हायला ते तिथे दिसायला हवं. शिवाय नेल्लोच्या मुली दर जुलैला पहिल्या रांगेत बसतात. नेल्लो मरेपर्यंत समजत होता की हात त्याचाच. जत्रेत लोकांच्या घड्याळांवर सह्या करायचा.

लोरेदाना: मग विनोद लिहू का?

एर्सिलिया: तेही नाही.

लोरेदाना: माझ्या फॉर्ममध्ये रकाने दोनच आहेत.

एर्सिलिया: तुमचा नियम काय? मुद्दाम ते राहील, चुकून ते जाईल. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि कॅमेरा चालू ठेवला. डोळे उघडे ठेवून ठेवलेली गोष्ट चुकून कशी होईल? मुद्दामच की. फक्त ती विनोदासाठी नाही, जेवणासाठी. लिहा, राहील. आणि कारणाच्या जागी त्यांचेच शब्द.

लोरेदाना: ‘कोण बघणार आहे.’ खाली माएस्त्रोंची सही लागेल. हे सिनेमाबरोबरच्या पुस्तिकेत छापलं जाईल. नाही केली सही, तर घड्याळ पुसायचं.

दुइलियो: सात पानांच्या बदल्यात तीन शब्द.

एर्सिलिया: तुमचेच आहेत. उसने नाहीत.

दुइलियो: आणि चौकातली ती तीन हजार माणसं? हे वाचल्यावर ती हात वर करतील?

एर्सिलिया: करतील. जास्तच करतील. ‘कोण बघणार आहे’ म्हणून बायकोशी खोटं बोललेले निम्मे असतील त्यात.

दुइलियो: ...लोरेदाना, पेन आहे? एक विनंती. हात कुणाचा ते छापू नका. नेल्लोचा राहू दे. त्यानं काही बिघडवलं नाही.

लोरेदाना: सिन्योरा?

एर्सिलिया: चालेल. वहीत आहे तेवढं पुरे. वही कोण बघणार आहे.

दुइलियो: हे घे. सही जरा वाकडी आलीय.

एर्सिलिया: करंगळी तशी सही.

लोरेदाना: झालं. आता एकच विचारायचं राहिलं. श्रेयनामावलीत एकेक नाव साधारण चार सेकंद थांबतं. तुमचं किती ठेवू?

एर्सिलिया: घड्याळ किती दिसतं?

लोरेदाना: साठ फ्रेम. अडीच सेकंद.

एर्सिलिया: मग अडीचच ठेवा. जास्त नको.

लोरेदाना: आणि उरलेलं दीड?

एर्सिलिया: माएस्त्रोंच्या नावात घाला. आज किंमत त्यांनी भरलीय.