आधी नाक

फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातात आजींची दोन चित्रं होती. एक त्यांनी स्वतः रंगवलेलं, दुसरं मुलीने आईचा फोटो देऊन कॉम्प्युटरकडून करून घेतलेलं. घरात भिंतीवर जागा एकाचीच होती.

"मशीनचंच लावू. नाक बघ, हुबेहूब तुझं."

"आहेच मुळी. तुम्हाला लग्नापासून एकदा तरी जमलं का?"

"तू धड बसतेस कुठे? नाकाची वेळ आली की उठतेस."

"तुम्ही नाक शेवटी काढता. तोवर माझी पाठ भरून येते, गॅसवर दूध असतं."

"म्हणून मग आठवणीने काढतो."

"आणि आठवला काय, तर बटाटा!"

"हसू नकोस. हल्ली हात थरथरतो माझा. त्या मशीनचा थरथरत नाही. तेच लाव, मी काही रुसणार नाही."

"रुसलातच की! सकाळी चहा गार करून प्यायलात."

"आजी, कोणत्या चित्राला फ्रेम करू?" दुकानदाराने विचारलं.

"या बटाट्याला."

"अगं, मशीनचं बरोबर आलंय म्हणालीस ना?"

"आलंय. पण त्याच्यासमोर मी बसले होते कधी?"

"म्हणजे माझी दया आली तुला."

"दया कसली? मान अवघडली होती माझी याच्यापायी!"

"मग एवढं नाक नीट करून देऊ?"

"याला हात लावायचा नाही. नवीन काढा. रविवारी बसते मी. फक्त या खेपेला आधी नाक."