वल्ल्या बाभळीचं पायडल

खरं सांगायलोय ताई, लेकीची आन — लेक न्हाई मला, दोन पोरंच हायत, तर त्येंची आन घ्या. त्या पायडलाची बाभूळ चार साल माळ्यावर वाळलेली व्हती. चार न्हाई, तीन धरा. बैलगाडीच्या चाकाला घालावी अशी. बसा की, उभ्यानं काय आयकता — त्या स्टुलावर बसा, हालतंय, पण पडत न्हाई.

तुमी गुरुजीच्या लेक असलात तरी ऱ्हाता परभणीला, तुमाला इथलं काय दिसणार. गुरुजीला लकवा झाला, डाक्टरनं घरातच बसून सायकल मारायला लावली, अन् दुसऱ्याच महिन्यात डाव्या पायाचं पायडल तुटलं. प्लास्टिकचं ते. सेलूत मिळंना. मीच म्हणलो, गुरुजी, उद्या सकाळी लाकडाचं बशिवतो. बशिवलं बी. असं घट बसलं की आख्खं वालूर बघाया आलं — आख्खं न्हाई, शेजारचा भुजंग अन् त्याची माय. गुरुजी भूगोलाचे, बसल्या जागी गावं मोजायचे — आज देवगाव फाट्याला जाऊन आलो, आज चुडावा आला, रूळ वलांडायचाय, दम खातो. मी रोज चहाला जायचो, इचारायचो, गुरुजी, फाटक उघडं हाय का? हसायचे. तोंड वाकडं व्हायचं, तरी हसायचे.

मग पंधराव्या दिवशी पडले. मी तिथंच व्हतो — व्हय, हे तुमाला कुणी सांगितलं नसंल. पडल्या पडल्या गुरुजी म्हणले, "पाय गेला रे माझा." अन् मी म्हणलो, "व्हय गुरुजी, पायच सटकला." गुरुजीला उचलायच्या आधी पायडल उचललं मी. खिशात घातलं.

तवापून खुर्चीतून उठंनात म्हणता. ह्या पायावर इस्वास न्हाई म्हणतेत. अन् तुमी म्हणायलात, सायकल पडून हाय, काका, तुमीच घेऊन जा. मला देता?

हे धरा. खिळ्याच्या डब्यात तळाला व्हतं. चीर बघा, कशी उभी गेलीय. वाळलेलं लाकूड असं फाटत न्हाई, हे आमा सुतारांच्या घरात रांगतं लेकरू बी सांगंल. गुरुजीला 'उद्या सकाळी' म्हणून बसलो व्हतो, घरात वाळका तुकडा नव्हता — वढ्याकाठची फांदी तोडली त्याच दिवशी. वल्लं लाकूड पहिल्या दिवशी लय घट बसतं. वाळाया लागलं की चिरतं. ठावं व्हतं मला. चहाला जात नव्हतो ताई, ते पायडल बघाया जात व्हतो. त्या दिवशी चीर दिसली बी. गुरुजी म्हणले, आज नांदेड गाठतो. मी म्हणलो, गाठा.

माळ्यावरची सालं, तेवढी मनाची. बाकी समदं खरं हाय.

ते गुरुजीच्या हातात द्या. म्हणावं, पाय शाबूत व्हता, लाकूड वल्लं व्हतं. माझा जयभीम सांगा — न्हाई, नगा सांगू. मी येत न्हाई. जावा तुमी, मला रंधा मारायचाय. अन् उठा त्या स्टुलावरून, त्येचा बी भरोसा न्हाई.