उन्हाचं औषध

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई चालू असताना, शरयू हिंदी मुलखातल्या नेपियर टाउन वस्तीतल्या एका दवाखान्यात नंबर लावून बसली होती. डॉक्टरांच्या खोलीतून एक सासू-सून बाहेर आल्या आणि औषधासाठी तिच्या शेजारीच बसल्या. सुनेनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता.

"रोज तासभर उन्हात बसायचं म्हणे! हे काय औषध झालं, विभा?"

"ऊन मिळत नाही म्हणून हाडं दुखतात म्हणाले, आई. केसही त्यानंच जात असतील म्हणाले."

"मग काय गच्चीवर बसशील? समोर फॅक्टरीची सारी माणसं राहून राहिली. नवरा लढाईवर, अन् बायको वर केस मोकळे सोडून!"

"सोडायला उरलेत कुठं?"

"हळू बोल."

"खिडक्यांचे काळे कागद तरी दिवसा काढू द्या. ब्लॅकआउट तर रात्रीचा असते."

"अन् संध्याकाळी लावायचे राहिले म्हणजे? चंदू लढाईवरून येईल, तोच काढील."

"लग्नाला दोन वर्षं झाली. मी अंगणातसुद्धा नाही बसले, आई."

"आमच्यात नाही बसत. तो येईस्तोवर तेल लावत राहा."

"अन् ते नाही आले तर?"

सासूनं सुनेचा पदर कपाळावर आणखी पुढं ओढला.

"तर केस कोणाला दाखवायचे आहेत?"

कंपाउंडरनं बाटली दिली. शरयूनं सुनेकडं पाहिलं; ती पायरीवर, कोवळ्या उन्हात थांबली होती. मागून सासूचा आवाज आला.

"रिक्षावाले भैया, छप्पर चढ़ा दो. बहू को धूप लग रही है."