आमच्या हॉलचे गोलपोस्ट

अरे, परवा मी हादरलोच! आमची इनडोअर फुटबॉलची प्रोफेशनल टीम बंद झाली, तर स्मरणिकेसाठी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सहा वर्षं गोलकीपर होतो ना! इंदूरच्या हॉलमध्ये लोक मला भिंत म्हणायचे, बाहेरगावी मात्र मी गोलवर गोल खायचो.

हॉल सांभाळणारे काळेजी आता राजेंद्र नगरात असतात. त्यांना विचारलं, "सुरुवात कशी झाली?"

"लफड्यानेच, भिया! गोलपोस्ट दारातून आतच जाईनात. मग वेल्डरला बोलावून दोन्ही उंचीला वीतभर कापून घेतले."

"वीतभर? मग नंतर बदलले असतील ना?"

"कशाला? दार तर तेवढंच होतं!"

"आणि कोणी मोजलं नाही?"

"मोजणार कोण? सगळे तुमच्या उड्या बघत होते."

कोच सहा वर्षं म्हणत होते, "तुला बाहेरचं खाणं सोसत नाही." आणि मी येडा प्रत्येक दौऱ्यावर घरच्या पोह्यांचा डबा आणि त्यावर भुरभुरायला जीरावण मसाल्याची पुडी घेऊन जात होतो!