सुनीलचा सी ड्राइव्ह कुठं अडकला

अहो, परवा आमच्या मंठ्यात काय मजा झाली, ऐका तर! शेजारच्या सुनीलचा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकली, तर ती सी ड्राइव्ह सोडून एफवर जाऊन बसली. अल्बमचं सॉफ्टवेअर सीशिवाय उघडेना, अन् नवरीचा बाप संध्याकाळी अल्बम बघायला येणार होता. न्हाई दाखवला तर ऑर्डर गेलीच!

आरडाओरडा ऐकून मी गेलेच. फोनवर कॉम्प्युटरवाला सांगून राह्यला होता, "ड्राइव्हचं अक्षर मागून बदलू नका. डब्याला जोडलेलं बाकी सगळं काढा, मंग परत विंडोज टाका."

"सगळं काढलंय हो!" सुनील वैतागला.

मी वाकून कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागं पाहिलं. "मंग हे काय लुकलुकतंय?"

कॅमेऱ्याचं कार्ड लावायचा कार्ड रीडर! दसऱ्याच्या पूजेत सुनीलच्या बायकोनं तो लाल दोऱ्यानं डब्यालाच बांधला होता. तोच बेटा सीची जागा धरून बसला होता, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी!

"काकू, पूजेचा दोरा आहे, तोडू नका!"

"तोडते कशाला? गाठ सोडते."

सुनीलनं कार्ड रीडर कपाळाला लावून बाजूला ठेवला अन् परत विंडोज टाकली. आला की हो सी! अल्बमही उघडला. मी तर टाळ्याच पिटल्या.

सुनील म्हणाला, "काकू, आता विंडोज टाकायच्या आधी तुम्हालाच बोलावतो."

म्हटलं, "बोलवायचं कशाला? मी येतेच की!"