भिंत दाखवा म्हणतात

...आणि वर मलाच म्हणतात, भिंत दाखवा! कुठून दाखवू? अहो, ती काय विटा-सिमेंटची आहे? एक पत्र्याचा डबा आहे, त्याला स्विच म्हणतात, शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी त्यात येऊन घुसतात, आणि भिंत असते ती त्या डब्याच्या आत, सेटिंगमध्ये, तिला व्हीलॅन म्हणतात, हे सगळं मी अंबरपेठेतल्या आमच्या मराठी शाळेच्या कमिटीला समजावून सांगतोय, आणि अध्यक्ष आबासाहेब काय करतायत, तर डब्याला टिचक्या मारून बघतायत. कलिंगड आहे का ते? पण तुम्हाला सांगतो, मला काहीच वाटलं नाही.

मी उदय. मूळचा पुण्याचा, आता निजामाच्या शहरात. दिलसुखनगरला एका क्लासमध्ये नेटवर्किंग शिकवतो. पोरं येतात, शिकतात, अमेरिकेला जातात, मी पुढची बॅच घेतो. शाळेशी माझा संबंध एवढाच की माझी बायको मंगला तिथे दहावीला गणित शिकवते. आणि सहामाहीला झालं काय, तिनं पेपर टाइप केला, शिक्षकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठेवला, आणि छापायला देताना पाचवा प्रश्न फार अवघड वाटला म्हणून गाळला. कॉम्प्युटरवरचा तसाच राहिला. परीक्षा झाली. आणि सगळ्या वर्गानं... सगळ्या म्हणजे अगदी शेवटच्या बाकापर्यंत... पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं! न विचारलेल्या! आकृतीसकट!

आता तो प्रश्न माहीत कुणाला? मंगलाला. मग फोडला कुणी? मंगलानं. कमिटीनं तिच्याकडून दहावीचा वर्ग काढून घ्यायचं ठरवलं. ती घरी आली, कुकर लावला, शिट्ट्या होत राहिल्या आणि ती ओट्याशी तशीच उभी. तेव्हा मला वाटलं हो. फार वाईट वाटलं. आयुष्यभराचं वाटायचं ते बहुतेक त्याच दिवशी वाटून संपलं, कारण नंतर मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुलांच्या लॅबमधला एक कॉम्प्युटर लावला, दोन ठिकाणी क्लिक केलं, समोर शिक्षकांचं अख्खं कपाट! पेपर, मार्क, हेडबाईंच्या भाचीची पत्रिका, सगळं. पेपर कुणी फोडलाच नव्हता, तो उघड्यावरच पडला होता. कमिटीला सांगितलं. आबासाहेब म्हणाले, "ठीक. तुम्हीच दुरुस्त करा. सराव परीक्षेचा पेपर बाहेर नाही गेला, तर वर्ग मंगलाबाईंकडेच."

म्हटलं, सोपं आहे. प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता असतो, त्या पत्त्यांच्या गल्ल्या पाडायच्या, गल्लीला सबनेट म्हणायचं, आणि दोन गल्ल्यांच्या मध्ये ती डब्यातली भिंत. ऑफिसची गल्ली दहा नंबर, शिक्षकांची वीस, मुलांची तीस. मुलांना शिक्षकांचं दिसणार नाही, संपलं. पण संपतंय कुठलं? हेडबाई, प्रियदर्शिनीबाई, चष्मा काढून म्हणतात कशा, "क्लार्क नामदेवराव दहा नंबर... आणि आम्ही एमेस्सी, बीएड झालेले वीस?" अहो बाई, तो नुसता आकडा आहे! "नुसता आहे ना, मग बदला." बदलला. शिक्षकांना दहा, ऑफिसला वीस. तर नामदेवराव माझ्याशी बोलेनात, डबा उंच फळीवर चढवायचा तर शिडीच मिळेना! शेवटी त्यांना पाच दिला, तेव्हा शिडी आली. आणि आबासाहेब? घराणं निजामाच्या वेळेपासून इथलं, मराठी सुरू करतात आणि चिडले की वाट बदलते. "हे पुण्याचे लोक आले की पैले अलग करतात. कायको अलग? बरं करा. पण मेरेकू एक नंबर होना. अध्यक्ष हूं मैं." आता एक नंबर म्हणजे कोणता, तर ज्याला कुठेच जागा दिली नाही तो आपोआप जाऊन पडतो तो. तिथे एकही माणूस नाही, एक यंत्र नाही. दिला! खूश झाले, मला इराणी चहा पाजला. मला काहीच वाटलं नाही.

आणि भिंत टिकली बरं का! सराव परीक्षा झाली. पोरांनी लॅबमध्ये बसून खूप क्लिक केलं, त्यांना त्यांचीच गल्ली दिसत राहिली. पेपर फुटला नाही. मंगला सुटली. मी म्हटलं, आता कमिटी शाल-नारळ देते की काय... आणि निकाल लागला. अर्धा वर्ग नापास! सहामाहीला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना विचारलेल्यांचीही येईनात!

परत कमिटी. आबासाहेब म्हणाले, "सगळे एक होते तेव्हा पोरं पास होत होती. तुम्ही अलग केलं, पोरं फेल. काढा ती भिंत." मी म्हटलं, अहो, पोरं हुशार कधी नव्हतीच, त्यांच्याकडे पेपर होता! तर हेडबाई अगदी हळू आवाजात, "तसं नाही हो... मग मंगलाबाईंच्या शिकवण्याकडेच बघावं लागेल. वर्ग दुसऱ्या कुणाला..." म्हणजे पेपर फुटला तरी मंगला, नाही फुटला तरी मंगला!

घरी आलो. तिला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती, चिरत राहिली, मग विळी आडवी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, टाका परत सगळ्यांना एकात. चोर म्हटलेलं सोसेन मी, शिकवता येत नाही म्हटलेलं नाही सोसणार. आणि ह्या वेळी पाचवा प्रश्न गाळणार नाही."

गेलो. शिडी नामदेवरावांनी स्वतः धरली. सगळ्या शाळेला उचलून आबासाहेबांच्या एक नंबरात टाकलं. पुढचा पेपर मंगलानं परवाच तिथे ठेवलाय, आणि म्हणाली की फाइलचं नाव जरा मोठ्या अक्षरात दिलंय, मागच्या बाकावरच्यांनाही सापडलं पाहिजे... तुम्हाला सांगतो, मला काहीच वाटलं नाही.